वाडीवाडीच्या पायवाटांचा आराखडा: गावाला विचारायचं कसं आणि कोणत्या क्रमाने

कोकणातल्या गावात पायवाटांचं काम बहुतेक वेळा ग्रामसभेपासून सुरू होतं आणि तिथेच बिघडतं. सभेत कुणीतरी विचारतं, "कुणाला कुठे पाखाडी हवी, सांगा." (पाखाडी म्हणजे पायऱ्यांची, बांधून काढलेली पायवाट.) पाच मिनिटांत पंधरा नावं येतात. मोठ्या वाडीची माणसं जास्त, म्हणून त्यांची नावं वर लागतात. मागे बसलेल्या बायका बोलत नाहीत. यादी ठरावात जाते, ठराव पंचायत समितीत जातो. दोन वर्षांनी काँक्रीटची पट्टी पडते ती अशा जागी, जिथून दिवसाला चार माणसं जातात. शाळेची पोरं मात्र अजून पऱ्यातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, दगडांवर पाय देतच पलीकडे जात असतात.

यात कुणाची नियत वाईट नसते, क्रम चुकलेला असतो. गावाला विचारणं म्हणजे सभेत हात वर करायला लावणं, असं आपण धरून चालतो. पायवाटेच्या बाबतीत ते पुरत नाही, कारण वाट पायाला माहीत असते. ती सभामंडपात बसून आठवत नाही. म्हणून आधी कागद, मग चालणं, मग वेगवेगळ्या माणसांचं वेगवेगळं ऐकणं, मग जमीनमालक, मग कच्चा नकाशा, आणि त्यानंतर ग्रामसभा. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. उदाहरणं रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची आहेत. विदर्भात जिथे फरक पडतो, तिथे तसं लिहिलं आहे.

## तयारी: वर्षाचं गणित आणि सोबतची माणसं

हे काम पंधरा दिवसांत होत नाही. त्याला जवळपास एक पूर्ण वर्ष लागतं, कारण वाट पावसात वेगळी असते आणि उन्हाळ्यात वेगळी. शिवाय जमिनीचे निम्मे मालक मुंबईत असतात.

- जुलै: भर पावसातली पहिली फेरी.
- गणपती: चाकरमानी गावात असतात. जमिनीच्या संमतीची पहिली बोलणी याच दिवसांत.
- २ ऑक्टोबरनंतर: ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी सुरू होते. पायवाटांचा विषय निदान नोंदवून ठेवा.
- दिवाळीनंतर: गवत वाळल्यावर दुसरी फेरी, मोजमाप आणि छोट्या बैठका.
- शिमगा: उरलेल्या संमत्या आणि कच्च्या नकाशावर हरकती.
- त्यानंतरची ग्रामसभा, १ मेची किंवा १५ ऑगस्टची: ठराव.

गट पाच ते सात जणांचा असावा. त्यात किमान निम्म्या बायका हव्यात. प्रत्येक वाडीचा एक माणूस घ्यायची पद्धत असते आणि ती चांगली आहे. पण त्याहून महत्त्वाची माणसं वेगळी आहेत. आशाताई, पोस्टमन, वायरमन आणि गुरं राखणारा माणूस गावाच्या प्रत्येक दारात किंवा प्रत्येक माळावर पायी जातात. आशाताईंना विचारा की रात्री बाळंतपणाचा निरोप आला तर कुठल्या वाटेने जावं लागतं. गावाची निम्मी अडचण त्या एका उत्तरात कळते.

साहित्य थोडंच लागतं: एक जाड वही, पन्नास फुटी टेप, चुना किंवा रंगीत चिंध्या, आणि मार्ग नोंदवणारं ॲप असलेला फोन. ॲप असं घ्या की जे रेंज नसतानाही चालेल. सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या कातळावर) आणि घळीत रेंज मिळत नाही.

तपासणी: गटातला प्रत्येक जण गेल्या महिन्यात गावात किमान दहा वेळा पायी फिरलेला आहे का? नसेल तर माणूस बदला.

## टप्पा १: कागद आधी बघा

तीन ठिकाणचे कागद लागतात.

पहिला गाव नकाशा. तो तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावरच्या रेषा नीट ओळखायला शिका. दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग. शासनाच्या निर्णयांत गाडीमार्गाची रुंदी १६.५ ते २१ फूट आणि पायमार्गाची ८.२५ फूट दिलेली आहे. ही सव्वाआठ फुटांची रुंदी जुन्या मोजणीच्या साखळीवरून आली. साखळी ३३ फुटांची, तिचा चौथा हिस्सा सव्वाआठ. नकाशावर एकेरी तुटक रेष असेल आणि आज तिथे दोन फुटांची बोळ उरली असेल, तर उरलेले सहा फूट कुठे गेले हा प्रश्न रीतसर विचारता येतो.

दुसरा सातबारा. पोटखराबाच्या, म्हणजे लागवडीबाहेरच्या भागाच्या, दोन वर्गांकडे लक्ष द्या. वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीला न येणारी जमीन. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, नाला, स्मशान अशा सार्वजनिक कारणासाठी सोडलेली. 'ब' दिसला की तो गट नकाशावर ताडून बघा. 'इतर हक्क' हा रकानाही वाचा, कारण वहिवाटीची नोंद असलीच तर तिथे सापडते. वनाची नोंद दिसली तर तिथेच खूण करा. त्या तुकड्याची प्रक्रिया वेगळी आहे, पुढे लिहिली आहे.

तिसरी ग्रामपंचायतीची रस्त्यांची नोंदवही, म्हणजे नमुना २३. पाखाडी या वहीत नसेल तर तिच्यावर खर्च दाखवणं अवघड होतं. अनेक गावांत या वहीत फक्त डांबरी आणि खडीचे रस्ते असतात आणि पायवाट एकही नसते.

विदर्भातल्या वाचकांनी आणखी दोन कागद काढावेत: निस्तार पत्रक (गावच्या मोकळ्या सरकारी जमिनीच्या वापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज. जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांची तरतूद आहे. वाजिब-उल-अर्जात येण्याजाण्याच्या हक्काची गावची रूढी लिहिलेली असते. हातात इतका मोलाचा कागद असून तो न उघडता लोक वर्षानुवर्षं भांडताना मी पाहिले आहेत.

थांबा: नकाशावर वाट नाही, म्हणून हक्क नाही, असा निष्कर्ष काढू नका. मोजणी झाली तेव्हा नसलेल्या वाड्या नंतर वसल्या, त्यांच्या वाटा नंतर पडल्या. आणि नकाशावर आहे म्हणून आज तिथे वाट लागतेच, असंही नाही. कागद बरोबर घेऊन चालायला निघायचं, एवढाच या टप्प्याचा उपयोग.

## टप्पा २: चाला, दोनदा चाला

पहिली फेरी जुलैत. लोक ही फेरी टाळतात आणि तिथेच आराखडा फसतो. डिसेंबरात सपाट, कोरडी, छान दिसणारी वाट जुलैत पाण्याचा लोट असते. पाणी कुठून येतं, वाटेवर किती अंतर वाहतं, कुठे उतरतं, कुठल्या गडग्याखाली (दगडी कुंपणाखाली) साचतं हे पावसातच दिसतं. पऱ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, हवा की फरशी पुरेल, हेसुद्धा तेव्हाच ठरतं. पाणी चढलं की पोरं शाळेला दांडी मारतात की लांबच्या वळणाने जातात, ते विचारून लिहा.

दुसरी फेरी दिवाळीनंतर, मोजमापासाठी.

दोन्ही फेऱ्यांत एक नियम पाळा. ज्याची वाट, तो पुढे. सरपंच, सदस्य, गटातले लोक मागे. शाळेची वाट चौथी-पाचवीच्या पोरांनी दाखवावी आणि तीही शाळेच्या वेळेला. विहिरीची वाट पाणी आणणाऱ्या बाईने दाखवावी. तिला कळशी घेऊन चालायला सांगा. भरल्या कळशीसकट ती जिथे पाऊल चाचपून टाकते, तिथे वहीत खूण करा. रिकाम्या हातांनी चालणाऱ्याला ती जागा जाणवतही नाही.

प्रत्येक वाटेसाठी वहीत एक पान ठेवा आणि त्यावर या गोष्टी लिहा:

- कुठून कुठे, स्थानिक नावांसह. "वरच्या आंब्यापासून पारावर" असं लिहिलं तरी चालेल, गावाला ते कळतं.
- लांबी आणि चालायला लागणारा वेळ, जाताना आणि येताना वेगळा.
- कुठल्या सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरातून जाते.
- अडथळे: पडलेला गडगा, नवं तारेचं कुंपण, लोंबणारी विजेची तार, चिरेखाणीचा उघडा खड्डा.
- पाणी: कुठे, कुठल्या महिन्यात, किती.
- पर्यायी वाट आहे का, असली तर किती लांब.

या फेरीत दोन कसोट्या लावायच्या.

डोलीची कसोटी. जिथे गाडी पोचत नाही तिथे आजारी माणूस डोलीतून आणतात. डोलीचा बांबू आठ-दहा फुटांचा असतो. सरळ वाटेवर अरुंद जागा चालते, पण वळणावर बांबू फिरायला जागा लागते. प्रत्येक वळणावर दोघांनी तेवढा बांबू धरून वळून बघा. जिथे अडकतो तिथे वळण रुंद करायचं, पूर्ण वाट नाही. खर्च बराच वाचतो.

पालखीची कसोटी. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. तिचा मार्ग मानकऱ्यांना पाठ असतो आणि तो बहुधा गावच्या जुन्या वाटांवरूनच असतो. पालखीची वाट नकाशावर उतरवा. आज चालण्यातून गेलेल्या दोन-तीन वाटा त्यात हमखास सापडतात. या वाटांना जमीनमालकही सहसा नाही म्हणत नाहीत.

एक दिवस मोजणीसाठी ठेवा. गावातल्या मोठ्या तिठ्यांवर सकाळी सहा ते संध्याकाळी सात माणूस बसवा. कुणीकडून कुणीकडे किती बायका, किती मुलं, किती म्हातारी माणसं, किती डोक्यावर ओझं घेतलेली, एवढ्याच रेघा मारायच्या. हा दिवस बाजाराचा नको, सणाचा नको आणि मे महिन्यातला तर मुळीच नको. मे महिन्यात गाव दुप्पट असतं.

तपासणी: वहीतल्या प्रत्येक वाटेवर गटातले किमान दोघे स्वतः चालले आहेत का? ऐकून लिहिलेली वाट वेगळ्या शाईने लिहा आणि ती चालल्याशिवाय नकाशावर काढू नका.

## टप्पा ३: वेगवेगळं ऐका

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या.

पहिल्या खेपेला मी सगळ्यांची एकच बैठक देवळाच्या सभामंडपात लावली होती. चाळीस माणसं आली, बोलली सात, सातही पुरुष. धनगरवाड्यावरून कुणी आलं नाही, कारण तिथून खाली येऊन परत चढायला त्यांचा अर्धा दिवस गेला असता. बौद्धवाडीतले दोघे आले आणि मंडपाबाहेर पायरीवर बसले. त्या दिवशीची यादी मी नंतर फाडून टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आता बैठक लोकांच्या जागी नेतो. बायकांचं बचत गटाच्या बैठकीत किंवा विहिरीवर. धनगरवाड्याचं धनगरवाड्यावर. म्हाताऱ्यांचं त्यांच्या पडवीत. मुलांचं शाळेत, कागद आणि रंग देऊन. "घरापासून शाळेपर्यंत काढा आणि जिथे भीती वाटते तिथे लाल रंग द्या," एवढंच सांगायचं. मुलं कुत्री, विहीर, वाकलेला खांब, दारू पिणाऱ्यांचा कट्टा सगळं काढतात. यातली एकही गोष्ट मोठ्यांच्या बैठकीत येत नाही.

प्रश्न कसा विचारता त्यावर उत्तर ठरतं. "तुम्हाला वाट कुठे हवी?" हा प्रश्न टाळा. त्यावर प्रत्येक जण आपल्या दारापर्यंत गाडीरस्ता मागतो, आणि मागणार नाही तर काय करणार? त्याऐवजी असे प्रश्न विचारा:

- काल सकाळपासून कुठे कुठे गेलात?
- पावसात कुठली वाट सोडता? मग कुठून जाता?
- पूर्वी चालायचात आणि आता चालत नाही अशी वाट कुठली? का सोडली?
- अंधार पडल्यावर कुठे जायचं टाळता?
- घरात कुणी अंथरुणाला खिळलं तर बाहेर कसं काढाल?

"का सोडली" हा प्रश्न सोन्यासारखा आहे. कलमांच्या बागेला तार पडली, चिरेखाण सुरू झाली, साकव वाहून गेला, दोन घरांत भांडण झालं, अशी खरी कारणं त्यातून बाहेर येतात. भांडणाचं कारण निघालं तर वहीत ते भांडण लिहू नका, फक्त "वाट बंद" लिहा. ही वही उद्या सगळ्यांसमोर उघडी राहणार आहे.

थांबा: एखादी वाडी म्हणाली, "आम्हाला पाखाडी नको, रस्ता हवा, ॲम्ब्युलन्स आली पाहिजे," तर तिला पाखाडीवर समाधान मानायला लावू नका. त्यांची मागणी खरी आहे. ती रस्त्याच्या वेगळ्या यादीत त्यांच्याच शब्दांत लिहा आणि पायवाटांच्या आराखड्यात त्या वाडीचा पाण्याचा, शाळेचा, शेताचा भाग तेवढा घ्या. दोन्ही मागण्या एकत्र मिसळल्या की दोन्ही अडकतात. रस्ता होईल तेव्हा जेसीबीने जुनी चिऱ्याची पाखाडी उखडली जाणार नाही, हेही आत्ताच लिहून ठेवा. असं एकदा झालं की गाडी नसलेल्या माणसाला जुनी जवळची वाट राहत नाही आणि रस्त्याच्या वळणांनी तिप्पट चालावं लागतं.

## टप्पा ४: जमीनमालक, सामायिक सातबारा आणि मुंबई

वाट जवळपास नेहमीच कुणाच्या तरी जमिनीतून जाते. कोकणात त्या सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असू शकतात. त्यातली काही वारलेली, काही मुंबईत, काहींचा पत्ता नाही. त्यामुळे फक्त गावात राहणाऱ्या भावाची सही घेऊन काम सुरू करायचा मोह होतो. तो आवरा. काम अर्ध्यावर असताना मे महिन्यात दुसरा भाऊ उतरतो आणि काम थांबतं.

क्रम असा ठेवा. आधी मालकाबरोबर वाट चाला, मग बोला. बोलताना जमीन मागू नका. पहिला प्रश्न असा विचारा की वाट कुठून गेली तर तुमचं कमीत कमी नुकसान होईल. पुष्कळदा मालकाची अडचण वाटेला नसते, ती बागेच्या मधोमध जाणाऱ्या वाटेला असते. आंब्याच्या दिवसांत चोरीची भीती असते, गुरं आत शिरतात. वाट हद्दीच्या गडग्याला सरकवली, माणूस जाईल पण जनावर जाणार नाही असं बेडं (फाटक) लावून दिलं, तर बरेच जण तयार होतात. सरकवल्यामुळे चालणाऱ्याला किती अंतर वाढतं ते मात्र मोजा. पन्नास पावलं वाढली तर लोक स्वीकारतात. पाचशे वाढली तर तार वाकवून जुन्याच वाटेने जातात.

मुंबईकरांशी फोनवर बोलून ठेवा, पण सही गणपतीत किंवा शिमग्यात, जागेवर उभं राहून घ्या. व्हॉट्सॲपवरचा अंगठा ही संमती नाही. गावच्या मुंबई मंडळाला, म्हणजे मुंबईतल्या गावकऱ्यांच्या संघटनेला, सुरुवातीपासून सामील करून घेतलं तर पत्ते तरी मिळतात.

संमतीपत्रात सर्व्हे नंबर, हिस्सा, लांबी, रुंदी, कुठल्या हद्दीने, आणि "पायी येण्याजाण्यासाठी" हे शब्द हवेत. शेवटचे शब्द विसरू नका. उद्या त्यावरून डंपर जाईल ही मालकाची भीती असते आणि ती अनाठायी नाही. मालक जागा कायमची द्यायला तयार असेल तर बक्षीसपत्राची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे करावी लागते. मुद्रांक किती रुपयांचा, ते त्या वेळी तिथेच विचारा.

वाटाघाटीने सुटलं नाही तर कायद्याचे दोन मार्ग आहेत. दोन्ही तहसीलदारांकडे जातात आणि लोक त्यांत गोंधळ करतात.

- मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५: जमिनीकडे जाणारी, चालू वहिवाटीची वाट कुणी अडवली तर. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो.
- महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४३: शेताला जायला वाट नसेल आणि दुसऱ्याच्या हद्दीवरून हवी असेल तर. अर्ज जमीनधारकाने करायचा. निर्णय मान्य नसल्यास एका वर्षात दिवाणी दावा करता येतो.

थांबा: "बघू, बोलू, दिवाळीत बसू" असं करता करता सहा महिने उलटतात. वाट अडवल्याची तारीख वहीत लिहा, बोलणी चालू ठेवा, पण पाचव्या महिन्यात वकिलाला भेटा. उलट, पहिल्याच भेटीत कलमांची नावं घेऊ नका. एकदा घेतली की तो माणूस पुन्हा गडग्यापाशी चालायला येत नाही.

वनजमिनीचा तुकडा मध्ये आला तर वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) बघा. रस्त्यासह गावाच्या तेरा सुविधांसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. वनरक्षकाला दुसऱ्या फेरीतच बरोबर घ्या, नंतर नकाशा दाखवायला जाऊ नका.

## टप्पा ५: कच्चा नकाशा गावासमोर ठेवा

आधी अंगणात रांगोळीने काढा. पऱ्या, देऊळ, शाळा, वाड्या, मग वाटा. बायका आणि म्हातारी माणसं कागदावरच्या नकाशाला हात लावत नाहीत. रांगोळीत मात्र वाकून रेघ पुसतात आणि नवी ओढतात. ती दुरुस्ती झाली की कागदावर घ्या.

कागदावर तीन रंग पुरे: चालू वाट, बंद पडलेली वाट, नवीन मागणी. वाड्यांची नावं लोक बोलतात तशीच लिहा. नकाशा रेशन दुकान, शाळा, देऊळ आणि प्रत्येक वाडीत एका ठिकाणी लावा. मुंबई मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाका. किमान पंधरा दिवस ठेवा. शेजारी हरकतींची वही दोरीने बांधून ठेवा. लिहिता न येणाऱ्याची हरकत लिहून घ्यायला एक माणूस नेमा.

प्रत्येक हरकतीला वहीतच उत्तर लिहा, "मान्य" किंवा "अमान्य, कारण…". कारण लिहायला जड वाटलं तर समजा की हरकत बरोबर असण्याची शक्यता आहे.

मग कुठली वाट आधी, ते ठरवायचं. इथे मतदान नको. हात मोजले की दोनशे घरांची वाडी दरवेळी जिंकते आणि अकरा घरांचा धनगरवाडा दरवेळी मागे राहतो. प्रत्येक वाटेला हे प्रश्न याच क्रमाने विचारा:

- पावसात ही वाट तुटली तर दुसरी वाट आहे का?
- तिच्यावरून मुलं शाळेत, आजारी माणूस दवाखान्यात किंवा मयत स्मशानात जातं का?
- बायका रोज डोक्यावर ओझं घेऊन जातात का?
- मोजणीत माणसं किती?

आकडा मुद्दाम शेवटी ठेवला आहे. वाट चांगली नाही म्हणून माणसं कमी चालत असतील, तर कमी आकडा तिच्या विरुद्ध धरणं अन्याय होईल.

तपासणी: यादीतल्या पहिल्या पाच वाटांत सगळ्या एकाच बाजूच्या आहेत का? असतील तर टप्पा ३ च्या बैठकांची वही पुन्हा उघडा. कुठली तरी बैठक राहिली आहे.

## टप्पा ६: आता ग्रामसभा

ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. तिला नुसती सह्यांची सभा होऊ देऊ नका. नकाशा तिथे लावा आणि तिथला निर्णय लेखी घेऊन ग्रामसभेत वाचून दाखवा. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते आणि तिच्यात हा विषय स्वतंत्र हवा. "आयत्या वेळच्या विषयात" घेऊ नका. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती.

सर्वांत मोठी चूक ठरावाच्या शब्दांत होते. "गावातील सर्व पायवाटा दुरुस्त करणेबाबत" अशा ठरावाचं अंदाजपत्रक कुणालाही करता येत नाही. प्रत्येक वाटेचा वेगळा परिच्छेद हवा, साधारण असा:

"मौजे … येथील वरची वाडी (… यांच्या घराजवळील पार) ते प्राथमिक शाळा ही पायवाट, सर्व्हे नं. … हि. नं. … मधून हद्दीलगत, लांबी … मीटर, रुंदी … मीटर. जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्या, एका बाजूस गटार, पऱ्यावर एक साकव. जमीनधारकांची संमतीपत्रे सोबत जोडली आहेत. सदर पायवाट नमुना २३ मध्ये नोंदवावी व विकास आराखड्यात प्राधान्यक्रम १ वर घ्यावी. सूचक … अनुमोदक …"

ठराव झाल्यावर प्रत घ्या, सही-शिक्क्यासह. पंचायत समितीत जाऊन या वर्षी कुठल्या योजनेत पायवाट बसते आणि कुठल्यात साकव बसतो ते विचारा. साकवासाठी जिल्हा नियोजन समितीचा निधी असतो. स्मशानाकडे जाणारी वाट जनसुविधा योजनेतून होऊ शकते. बांधकामाची वाट आणि पऱ्यावरचा साकव दोन वेगळ्या अर्जांत मागितलेले बरे. एक अडकला तरी दुसरा चालू राहतो.

## टप्पा ७: अंदाजपत्रक आणि काम

अभियंता येईल त्या दिवशी त्याला वहीसकट वाटेवर न्या आणि जुलैतले फोटो दाखवा. त्याने वाट कोरडीच पाहिलेली असते.

काय सांगायचं, ते थोडक्यात:

- गुळगुळीत काँक्रीट नको. सावलीतल्या काँक्रीटवर पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं पडतात. पृष्ठभाग खराट्याने खरबरीत करून घ्या, किंवा चिरा वापरा.
- उतारावर पायरी सहा इंचांपेक्षा उंच नको, आणि सगळ्या पायऱ्या सारख्या. एकच पायरी वेगळ्या उंचीची असली की अंधारात पाय तिथेच चुकतो.
- पंधरा-वीस पायऱ्यांनंतर ओझं टेकवायला कंबरेएवढा कट्टा. हा अंदाजपत्रकात कधीच नसतो. बायका मात्र प्रत्येक बैठकीत मागतात.
- गटार आधी, पायऱ्या नंतर. गटाराचं पाणी कुठे सोडणार ते दाखवा. खालच्या घराच्या पडवीत सोडू नका.
- वाटेवरची सावलीची झाडं खुणा करून वाचवा.

काम चालू असताना रोज कुणी तरी त्या वाटेने जातंच. त्यांच्यापैकी दोघींवर नजर ठेवायचं काम सोपवा, त्यांना ठरावाची प्रत द्या आणि लांबी-रुंदी मोजायला टेप द्या.

## टप्पा ८: नोंद आणि बेणणी

काम झाल्याचा फोटो काढून लोक थांबतात. नमुना २३ मध्ये नोंद झाल्याचा उतारा हातात आल्याशिवाय थांबू नका. संमती दिलेल्या जमिनींच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात वाटेची नोंद व्हावी म्हणून तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, अर्ज द्या. जमीन विकली गेली तर नव्या मालकाला वाट कागदावरच दिसली पाहिजे.

मग देखभाल. मृगाआधी गटारं उपसायची, गणपतीआधी वाटेवरचं रान बेणायचं, म्हणजे कापून साफ करायचं. वाडीवार वाटा वाटून द्या आणि कुठली वाट कुणाची ते शाळेच्या भिंतीवर लिहा. पहिला मोठा पाऊस पडला की तीच जुनी वही घेऊन तीच माणसं पुन्हा चाला आणि पाणी नव्या गटारातून जातंय की पायऱ्यांवरून, ते त्या वाटेच्या पानावर खाली लिहा.